हॅनाचा नवरा काही मरेना

"गाडी चोरताय का केळी?"

मोहिनीने वळून पाहिलं, आणि तिथेच घात झाला. हातातला दांडा सुटला, उतारावरची लोटगाडी आपल्या मर्जीने निघाली, आणि रुपचंदभाऊंची केळी फणी-फणीने जळगावच्या रस्त्यावर उतरायला लागली. विचारणारा पोरगा धावला. गटाराच्या अगदी काठावर त्याने गाडी अडवली... पोटाने. दोन्ही हातांत चहाचे ग्लास होते ना. चहा एक थेंब सांडला नाही. हे मोहिनीने पुढे सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. केळ्यांचं नाही सांगितलं.

"बठ्ठा माल रस्तावर शे," समोरच्या ओट्यावरून रुपचंदभाऊ म्हणाले. "पण चहा वाचना."

"मी भरून देते, भाऊ," मोहिनी म्हणाली. "मला फक्त ओढून बघायची होती."

"ओढून?" पोरगा म्हणाला. "लोटगाडी लोटतात, म्हणून लोटगाडी. ओढतात का कुठं?"

"माझ्या नाटकात ओढतात. नवरा पुढून ओढतो, बायको मागून लोटते."

"मग नवरा कुठंय?"

"अजून मिळाला नाही."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. पोरगा गंभीरपणे चहा पीत होता, पण ग्लासाच्या वरून डोळे हसत होते — चांगले निर्लज्जपणे.

तो असोद्याचा युवराज. घरच्या बागेतला माल रुपचंदभाऊंना आणून द्यायचा. आणि नाटक होतं हॅनाचं. ही हॅना इंग्लंडातली गिरणीकामगार. मॉर्मन नावाच्या नव्या पंथात गेली, तर माहेरच्यांनी दार लावून घेतलं. त्या पंथाच्या लोकांनी अमेरिकेत पार डोंगरापलीकडे गाव वसवलं होतं. बैल घ्यायची ऐपत नाही, म्हणून हातगाडीवर संसार टाकला, त्यावर पोरं बसवली आणि नवरा-बायको चालत निघाले. वाटेत बर्फ पडला. नवरा गेला. हॅना एकटी गाडी ओढत पोरांना घेऊन पोचली.

"ही बाई तुले कुठं भेटली?" युवराजने नंतर विचारलं.

"पुस्तकात. पण ओळखीची वाटली," मोहिनी म्हणाली. "आमच्या पणजीने घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि बुद्धाची वाट धरली. बोदवडात लोक तिला वेडी म्हणायचे."

युवराज हसला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच हसला नाही, आणि मोहिनीला तेच आवडलं.

नशिराबादच्या वेल्डरकडून त्याने एका मोडक्या लोटगाडीची दोन चाकं काढून घेतली, पुढे आडवी दांडी बसवली आणि त्या दांडीत स्वतःच जाऊन उभा राहिला. तालमी असोद्याच्या बागेच्या कडेला.

"मागे बघायचं नाही," मोहिनी बजावायची.

"मग तू हायेस का पळालीस, मले कसं कळंल?"

"गाडी हलकी लागली की समज, मी आहे."

"हलकीच लागून राह्यली."

"अजून मी हातच लावला नाहीये."

पुढच्याची मान लाल झालेली मागूनसुद्धा दिसते.

"त्या पंथात तेव्हा दोन-दोन बायका करायचे म्हणे?" तो एकदा म्हणाला.

"करायचे काहीजण. तुझी सोय नाही. तू त्याआधीच मरतोस."

नाट्यस्पर्धेच्या जळगावच्या फेरीत तो छान मेला. नाटक धुळ्याच्या अंतिम फेरीत गेलं. त्याच आठवड्यात धुळ्याच्याच एका शाळेतून मोहिनीला बोलावणं आलं : मुलांना नाटक शिकवायचं, जूनपासून. तिने हे सांगितलं तेव्हा युवराज ठिबकची नळी जोडत होता. "चांगलं झालं," म्हणाला... आणि जोडलेली नळी पुन्हा काढून पुन्हा जोडत बसला. बाग धुळ्याला नेता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि धुळ्यात घोळ झाला.

वरून कापसाचा बर्फ पडायला लागला. इथे नवऱ्याने कोसळायचं. युवराज कोसळेना. ओढतोच आहे.

"पड," मोहिनी मागून कुजबुजली.

"नाही पडत."

"युवराज, मर ना!"

"तुले एकटीले सोडून? नाही मरत."

रंगमंच संपत आला, तरी हा जिवंतच. शेवटी तिनेच "देवाने वाचवलं हो" असं काहीतरी जुळवलं आणि पडदा पाडून घेतला. लोकांनी टाळ्या दिल्या, परीक्षकांनी काहीच दिलं नाही.

धुळ्याच्या स्टँडवर ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

"मले बघवलं नाही," तो हळूच म्हणाला. "तू एकटी जातानी."

"तुला वाटलं, तू फार प्रेमाचं काम केलंस." ती आता वळली. "त्या बाईचं अख्खं आयुष्य त्या शेवटच्या पावलांत आहे, युवराज. ती एकटीने चालली, म्हणून मी तिचं नाटक लिहिलं. ती पावलं तू खाल्लीस. आणि तू फक्त तिलाच नाही अडवलंस... मलाही अडवलंस. धुळ्याला निघालेय ना मी."

जळगावची गाडी लागली. तो चढला नाही, ती चढली नाही. गाडी गेली.

"घरी आबांना तुझं सांगितलं मी," तो खाली बघत म्हणाला.

"काय म्हणाले?"

"बरेच दिवस बोललेच नाहीत. काल इचारलं, पोरीले भरीत तिखट चालतं का."

मोहिनीला हसू आलं. तिने ते दाबलं. इतक्या स्वस्तात नाही.

"बोदवडला प्रयोग आहे. आई येणार आहे," ती म्हणाली. "मरशील?"

उत्तर सोपं नव्हतं. सोपं असतं, तर तिने विचारलंच नसतं.

"मरीन," तो म्हणाला. "तू जा धुळ्याले. मी येत जाईन. बोलावशील तवा."

बोदवडला बर्फ पडला आणि युवराज कोसळला. मोहिनीने दांडी हातात घेतली. गाडी जड होती. ती त्याच्या अंगावरून नजर काढून पुढे बघत चालली, एकेक पाऊल. मागून ना कुजबुज, ना हालचाल. त्याच्या नाकावर कापसाचा केवढा तरी गोळा बसला होता, आणि हे ध्यान श्वाससुद्धा जपून घेत होतं.

पडदा पडला आणि मगच पलीकडून अशी शिंक आली, की पहिली रांग दचकली.

मोहिनीची आई, सुनंदाबाई, डोळे पुसत पडद्यामागे आल्या. मेलेला माणूस उठून बसला होता, केसांत, भुवयांत, मिशीत कापूस. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग लेकीकडे.

"हाच का गं तो?"

"हाच," मोहिनी म्हणाली.