लिहून दिलेलं रडू

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मी माझा काळाकुट्ट ब्रश एका मुलाच्या चहात बुडवला. मुद्दाम नाही हं. चित्रकलेच्या खोलीत आम्ही चाळीस जण, सगळे लढाईत घरदार सोडून आलेले, आणि रंगाच्या पाण्याचे पेले न् चहाचे पेले अगदी सारखे!

त्याने पेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "असू दे. इथल्या चहाला तेवढाच रंग आला."

मी फिसकन हसले... कितीतरी महिन्यांनी.

काळा रंग संपत आला होता. पडकी घरं, रणगाडे काढले की चित्र भिंतीवर लागतं, हे सगळ्यांना पाठ होतं. हा पठ्ठ्या मात्र गुलाबी बकरी काढत होता, कारण म्हणे गुलाबी कुणी घेतच नाही. बकरीला पाय पाच. मी मोजून दाखवले, तर म्हणे एक जास्तीचा असलेला बरा, पळताना लागतो. झालं, मी त्याचं नाव बकरोबा ठेवलं. पुढे जेवणाच्या रांगेत तो नेमका माझ्यामागे असायचा, आणि हाताला हात लागला की दोघंही रिकाम्या ताटात टक लावून बघायचो.

शेवटच्या दिवशी देणगीदार पाहुणे येणार होते. गेल्या वर्षीच्या शिबिरात त्यांच्यापुढे आमच्या पडलेल्या घराबद्दल बोलताना मी रडले होते, अख्खा हॉल रडला होता. म्हणून यंदाही शिबिराच्या ताईंनी मलाच उभं केलं. भाषण त्यांनीच लिहून दिलं, आणि कुठे थांबून डोळे पुसायचे तेही. ताई मनाने चांगल्या, पण ते घर मला लोकांपुढे पुन्हा पाडायचं नव्हतं. पण 'नाही' तरी कसं म्हणायचं? ज्यांचं खातो त्यांना उलट बोलू नये, असं मावशीने बजावलेलं.

पायऱ्यांवर बसून मी हे बकरोबाला सांगितलं.

"घर तुझं आहे," तो म्हणाला. "कुणाला दाखवायचं ते तू ठरव."

"आणि तुला दाखवलं तर?"

"मी... चपला बाहेर काढून येईन."

आता सांगा, अशा मुलाचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी माईकसमोर मी कागदाची घडी घातली. सांगितलं की यंदा मी रडणार नाही. मी पोहायला शिकले, धावण्यात सगळ्या मुलांना मागे टाकलं, आणि – इथे मात्र अडखळले – एक जण मला फार आवडायला लागलाय.

ताईंचा चेहरा उतरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "आणि बाळ, तुझं घर?"

"ते मी त्यालाच सांगणार आहे."

मी खाली उतरले, सगळ्यांच्या देखत त्याच्या शेजारी जाऊन बसले. टाळ्या वाजल्या की नाही, खरंच आठवत नाही. तो माझ्याकडे वळून बसला होता.

"आमच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या होत्या," मी सुरुवात केली.