ओळखा, कोण वाजवतंय

डॉक्टर त्या रात्री फक्त रेकॉर्डी आणायला गेला होता. गेल्या वर्षीची गोष्ट, नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रीचे सव्वादहा वाजले होते. तो दवाखाना बंद करून निघाला आणि मी शेजारीच माझ्या चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढत होतो. मला म्हणाला, "चल की, न्यायाधीशांच्या घरी जाऊन येऊ, पाय मोकळे होतील." मी म्हणालो, "मला झोप आलीय." खरं तर मला त्याच्या त्या रेकॉर्डींचं पुराण ऐकायचं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर, माझा जुना मित्र. पोरांनो, ऐका, आणि धाकटे, तू हसू नकोस. दातांच्या डॉक्टरच्या वाट्यालासुद्धा भूत येऊ शकतं.

आता ते जॅझचं प्रकरण आधी सांगतो, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यावरून जाईल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण डॉक्टर, निवृत्त न्यायाधीश, फोटो स्टुडिओवाला आणि आणखी दोघं-तिघं मिळून दर रविवारी न्यायाधीशांच्या दिवाणखान्यात बसायचे. एकानं रेकॉर्ड लावायची, तिच्या मधल्या लेबलावर आधीच कागद चिकटवलेला. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. संपली की लावणारा विचारणार, "कोण?" मग प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं. ट्रम्पेट कुणाचा, ड्रमवर कोण, ढंग शिकागोचा की आणखी कुठला, रेकॉर्डिंग एका मायक्रोफोनवर केलंय की जास्त. सगळ्यांनी बोलून झाल्याशिवाय कागद काढायचा नाही, हा नियम. त्यात आमचा डॉक्टर वस्ताद. लोक म्हणायचे, याला वाजवणारा नुसत्या श्वासावरून कळतो. ते ऐकून गडी असा फुलायचा की विचारू नका!

डॉक्टरचा एक मोठा भाऊ होता. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. आईवडील लवकर गेले तेव्हा दादानं एका हॉटेलच्या बॅंडमध्ये नोकरी धरली. लोक जेवायचे आणि हा कोपऱ्यात उभा राहून सॅक्सोफोन वाजवायचा, रोज रात्री. त्याच्या जिवावर धाकटा शिकला, दातांचा डॉक्टर झाला. दादानं लग्न केलं नाही. म्हातारपणी डॉक्टरच्याच घरात, मागच्या खोलीत राहायचा. संध्याकाळी खिडकी लावून घेऊन थोडं वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

आणि त्या रविवारच्या मंडळीत डॉक्टरनं दादाला एकदाही नेलं नाही.

का नाही नेलं? लाज वाटायची, दुसरं काय! तिथं मोठमोठ्या नावांच्या गप्पा, आणि याचा भाऊ जेवणाऱ्यांसाठी वाजवणारा.

एका रविवारी फोटोवाल्यानं जुन्या बाजारात मिळालेली एक रेकॉर्ड लावली. आधी पियानो, मग मागून ड्रमवर हलकेच फिरवलेला तारांचा ब्रश, मग सॅक्सोफोन. त्या सॅक्सोफोनच्या आधी नाकानं घेतलेला एक छोटासा श्वास ऐकू आला. दचकल्यासारखा. तसा श्वास जगात एकच माणूस घ्यायचा. डॉक्टर लहानपणापासून भिंतीपलीकडून तो ऐकत आला होता.

रेकॉर्ड संपली. फोटोवाल्यानं विचारलं, "कोण?"

न्यायाधीश आधीच बोलून बसले होते. "स्विंग जॅझची नक्कल आहे हो. ढेकरांच्या साथीनं वाजवलेली." सगळे हसले आणि डॉक्टरकडे बघायला लागले. आता शेवटचा शब्द त्याचा.

डॉक्टर म्हणाला, "हा सॅक्सोफोन नाही, गळका नळ आहे. प्लंबरला बोलवा."

काय हशा पिकला म्हणता! फोटोवाल्यानं कागद काढला तर लेबलावर नुसतं 'हॉटेलचा बॅंड' असं छापलेलं. वाजवणाऱ्याचं नाव नाही. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. पण डॉक्टरनं मान वर केली तर दारात दादा उभा होता. बाहेर गारठा पडला होता, म्हणून धाकट्याचा मफलर घेऊन आला होता. किती वेळचा उभा होता, देव जाणे.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे कोण?"

आणि डॉक्टर म्हणाला, "आमच्या घरी असतात."

ऐकताय ना? आमच्या घरी असतात! सख्ख्या भावाला!

दादानं मफलर खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "थंडी आहे," एवढंच म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून मागच्या खोलीतून सॅक्सोफोन ऐकू आला नाही. डॉक्टर रोज ठरवायचा, आज दादाशी बोलू. रोज जेवायला समोरासमोर बसायचे आणि हा आमटीतच बघत राहायचा. मग दादाच्या छातीनं दगा दिला. शेवटी शेवटी त्याला एक वाक्य एका दमात बोलता येत नव्हतं. तेव्हाही हा बोलला नाही. दादा गेला.

तर, तो शनिवार. न्यायाधीश लेकीकडे गेले होते, म्हणून रविवारची बैठक डॉक्टरकडे ठरली होती. त्यानं शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली घ्यायची, कपाटातल्या चार रेकॉर्डी काढायच्या आणि घरी यायचं. साधं काम.

त्यानं कुलूप काढलं, कोपऱ्यातला दिवा लावला. खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडलेल्या होत्या. प्लेअरवर एक रेकॉर्ड होती आणि तिच्या लेबलावर कागद चिकटवलेला होता.

डॉक्टरला वाटलं, न्यायाधीशांनी उद्यासाठी कोडं तयार ठेवलंय. ओळखण्याची खाज मोठी वाईट. त्यानं सुई ठेवली, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला आणि नियमाप्रमाणे डोळे मिटले.

आधी पियानो. मग ब्रश फिरवलेले ड्रम.

मग श्वास.

त्यानं स्वतःला समजावलं, तीच रेकॉर्ड आहे, इथंच राहिली असेल, त्यात काय. उठावं म्हणाला, पण उठवेना. शेवटपर्यंत ऐकलं. रेकॉर्ड संपली. खर्र खर्र आवाज झाला आणि सुई आपोआप उचलली गेली.

खोली गप्प.

त्या गप्प खोलीत पुन्हा तो श्वास ऐकू आला. प्लेअरमधून नाही... डाव्या हाताच्या खुर्चीवरून.

डॉक्टरनं डोळे उघडले नाहीत. मला म्हणाला, "उघडायची छाती झाली नाही रे."

सुई परत खाली आली. पुन्हा पियानो, पुन्हा सॅक्सोफोन. पण आता सूर मध्येच तुटत होते. दम पुरत नव्हता, शेवटच्या महिन्यांत दादाला पुरत नव्हता तसा. संपलं. सुई उचलली गेली. पुन्हा शांतता... कुणीतरी उत्तराची वाट बघतंय अशी.

डॉक्टरला सगळं कळलं. उत्तर द्यायचं होतं. आणि ऐका, रिकाम्या घरात, ऐकायला काळं कुत्रंही नसताना, याच्या तोंडून ते निघेना! इतकी वर्षं गिळलेली गोष्ट. ओठ हलायचे, आवाज नाही.

तिसऱ्यांदा सुरू झालं. आता सूर कमी, धाप जास्त.

"दादा," तो पुटपुटला.

थांबलं नाही.

"दादा, तूच आहेस. मी ओळखलं."

थांबलं नाही... धाप वाढली... अगदी कानाशी.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. नाकारलं होतं चार माणसांत, आणि कबुली देतोय डोळे मिटून, एकट्यानं. त्यानं चाचपडत मोबाइल काढला. डोळे किलकिले करून, डावीकडे न बघता, न्यायाधीशांना फोन लावला.

न्यायाधीश झोपेतून उठले. "डॉक्टर? किल्ली लागली नाही का?"

याचा नुसता हुंदका.

पलीकडून न्यायाधीश हळूच म्हणाले, "अहो, हे मागे काय लावलंयत? वा! किती दमून वाजवतोय, पण काय जीव आहे त्यात... कोण आहे हो हा?"

तोच प्रश्न.

"माझा मोठा भाऊ," डॉक्टर मोठ्यानं म्हणाला. म्हणाला कसला, ओरडलाच. "तुम्ही पाहिलंय त्याला, मफलर घेऊन आला होता. मी तेव्हाच ओळखलं होतं, पहिल्या श्वासालाच. तुम्ही हसाल म्हणून खोटं बोललो. त्यानं मला वाढवलं, आणि मी त्याला गळका नळ म्हणालो."

सॅक्सोफोन थांबला. सुराच्या मधोमध.

न्यायाधीश म्हणाले, "त्यांना सांगितलंत का हे कधी?"

डॉक्टरनं फोन ठेवला.

बारा वाजता त्यानं माझं दार वाजवलं. पांढराफटक पडला होता, उजवी मूठ घट्ट मिटलेली. सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. मी त्याला पाणी दिलं आणि एकेक गोष्ट निकालात काढली. रेकॉर्ड न्यायाधीशांनी ठेवली असेल, त्यांना हल्ली आठवत नाही. काही प्लेअर सुई आपोआप परत टाकतात. धाप म्हणशील तर ती तुझीच असेल, मन खातंय तुझं. मी भुतंखेतं मानणारा माणूस नाही. जन्मभर लोकांना धड दिसावं हाच धंदा केला.

मग त्यानं मूठ उघडली.

बोटाएवढी, वेताची पातळ पट्टी. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवतात ती. तिच्यावरच फुंकर धरून सूर काढतात, आणि कोरडी पट्टी वाजत नाही, म्हणून वाजवण्याआधी ती जिभेवर धरून भिजवून घेतात. हे मला त्यानं तेव्हा सांगितलं. डाव्या हाताच्या खुर्चीवर पडली होती म्हणाला.

मी हात लावला. ओली होती.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरनं बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा सगळं सांगितलं. फोटोवाला रडला. दादाचा फोटो आता न्यायाधीशांच्या दिवाणखान्यात आहे, खाली त्याचं नाव आणि 'सॅक्सोफोन' असं लिहिलेलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

ती पट्टी डॉक्टरनं दवाखान्यात ठेवलीय, औजारं ठेवतात त्या काचेच्या कपाटात. रोज संध्याकाळी स्वच्छ फडक्यानं पुसतो, कोरडी करतो, कपाट बंद करतो. सकाळी मला हाक मारतो. "जरा बघ रे, आज तरी वाळलीय का? माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

वर्ष झालं. आज सकाळीही मी जाऊन बघितलं.

वाळलीय असं खोटंच सांगायचा विचार होता. पण त्यानं माझी ओली बोटं पाहिली...