अकरा पत्रांची काळी कड

चित्रांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे ऑब्री रिड्सडेल स्वतःच सांगायचा. आयुष्यभर त्याने श्रॉपशरमधल्या शेतांची मोजणी केली होती. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला एक खूळ लागलं : राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या चित्रकारांची हातची पत्रं जमवायची. बड्या नावांची पत्रं त्याला परवडत नसत. तो विसरल्या गेलेल्यांची घ्यायचा. रंग वाळत नाही, मॉडेल आली नाही, असली चार-चार पानांची रडगाणी. ती वाचायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीचं. लडलो गावातल्या अरुंद घरात दोघंच राहत, दोघंही बिनलग्नाची. न्याहारी आटोपली की विनिफ्रेड भिंग घेऊन बसायची आणि कितीही गिचमिड अक्षर असलं तरी घडाघडा वाचून दाखवायची.

एकोणीसशे एकावन्न सालच्या फेब्रुवारीत लंडनच्या पेल्हम नावाच्या विक्रेत्याकडून अकरा पत्रांचा जुडगा आला. जास्पर थॉरल्ड नावाच्या चित्रकाराने आपल्या बहिणीला, लेटीला, लिहिलेली. तारीख एकावरही नाही, नुसतं 'मंगळवार, सकाळ'. पाकिटं गहाळ. आणि प्रत्येक कागदाला चारी बाजूंनी काळी कड.

"सुतकाचा कागद!" ऑब्री खुशीत म्हणाला. त्या काळी घरात कुणी गेलं की असा कागद वापरत. आधी जाड कड, मग दिवस जातील तशी बारीक. "मोजलं की क्रम लागलाच म्हणून समज."

त्याने पट्टी काढली आणि जाड कडेपासून बारीक कडेपर्यंत अकराही पत्रं टेबलावर मांडली. विनिफ्रेडने ती वाचली आणि मान हलवली.

"काहीतरी चुकलंय तुझं. इथे दुसऱ्याच पत्रात चित्र पुरं झालंय, आणि शेवटच्यात हा बाबा कॅनव्हास ताणतोय. उलटं लाव."

"उलटं कसं लावू? सुतक कधी वाढत जातं का?"

"लावून तर बघा, मोजणीदार!"

उलटं लावलं आणि सगळं बिनचूक जुळलं. सर्वांत बारीक कडेच्या पत्रात थॉरल्ड खिडकीशी बसलेल्या लेटीचं चित्र सुरू करत होता. तिसऱ्यात लिहिलं होतं : 'कोण गेलं म्हणून विचारतेस. कुणीच नाही गं. मी पांढऱ्याच कागदावर लिहितो. तुझ्यापर्यंत पोचेतो त्याचं हे काय होतं, मला कळत नाही.' सातव्यात लेटीला खोकला झाला होता. अकराव्यात कड इतकी रुंद होती, की मधे जेमतेम एक ओळ मावली होती : 'लेटी, आज तुझ्याजवळ बसलो आहे.'

"जवळ बसलाय तर पत्र कशाला लिहितोय मेला?" विनिफ्रेड हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली. रुमाल तिने झटकन मुठीत लपवला. त्यावरचा लाल डाग ऑब्रीने पाहिला होता.

त्याच दिवशी त्याने लेटीचं पुढे काय झालं ते विचारायला पेल्हमला पत्र टाकलं. आठवड्याभरात उत्तर आलं.

'लेटी थॉरल्ड त्याच वसंतात वारली. भाऊ पुढे तीस वर्षं जगला, पण नंतर त्याने कुणालाही पत्र लिहिल्याचं आढळत नाही. आपल्या पत्राची काळी कड पाहून वाईट वाटलं. आपल्याकडे कोण गेलं, हे विचारू का?'

ऑब्रीने आपल्या कागदांचा गठ्ठा खिडकीशी नेला. एकेक कागद उजेडात धरून पाहिला. सगळे कोरे, पांढरेशुभ्र. पेल्हमचा घोटाळा झाला असेल, असं त्याने स्वतःला तीनदा बजावलं. विनिफ्रेडला काही बोलला नाही.

मार्चमध्ये डॉक्टरांनी तिला वेल्सच्या डोंगरातल्या क्षयाच्या दवाखान्यात धाडलं. लिहायची तिला मनाई, श्रम नकोत म्हणून. भेटायला महिन्यातून एकदाच, पहिल्या मंगळवारी.

"रोज लिही हं," स्टेशनवर ती म्हणाली. "नाहीतर खोकल्याचं राहू दे, मी कंटाळ्यानेच मरेन."

"लिहीन की."

त्याने लिहिलं नाही. थॉरल्डच्या प्रत्येक पत्राबरोबर कड वाढली होती. पत्रच गेलं नाही तर कड वाढणार कशी? विनीसाठी त्याच्या हातात करण्यासारखं एवढं एकच होतं. शाईची दौत त्याने कोळशाच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दाराला कुलूप घातलं.

फार जड गेलं त्याला ते. रोज न्याहारीला तिची रिकामी खुर्ची समोर असायची आणि सांगायचं कितीतरी साठलेलं असायचं. शेजारच्यांची मांजर आपल्या टोपीत व्याली. टोस्ट आजही करपला. तो मनातल्या मनात बोलायचा, आणि तिकडे विनी टपालाची वाट बघत पडली असेल या विचाराने त्याला रडू कोसळायचं. तिच्या आवडीचा शहाजिऱ्याचा केक तिला बेकरीवाल्याकडून परस्पर पाठवला, चिठ्ठीसुद्धा न घालता.

एप्रिलचा पहिला मंगळवार उजाडला. व्हरांड्यात खाटांची रांग होती. विनिफ्रेड उशीएवढीच पांढरी दिसत होती, पण त्याला बघून तिचा चेहरा फुलला.

"विनी, रागावू नकोस. मी लिहिलं नाही, कारण..."

"लिहिलं नाही काय म्हणतोस? दहा पत्रं टाकलीस की!"

तिने उशीखालून जुडगा काढला.

अक्षर ऑब्रीचं होतं. मांजर टोपीत व्याल्याचं त्यात होतं. करपलेला टोस्ट होता. कोळशाच्या खोलीतली दौत आणि कुलूपही होतं. पहिल्या पत्राची कड केसाएवढी होती. दहाव्याची अंगठ्यापेक्षा रुंद.

"पण ही कड कशाला रे? त्या थॉरल्डची नक्कल होय? नर्सबाई किती घाबरल्या माहितेय? मी म्हटलं, माझा भाऊ पहिल्यापासून असाच चक्रम आहे." ती थांबली. "तुझ्या पत्रांवरच दिवस काढले रे मी."



व्हरांड्याच्या टोकाला नर्स सकाळचं टपाल वाटत होती. या खाटेशी आली तशी हसली.

"मिस रिड्सडेल, आजचंही आलं हं!"

ऑब्रीने ते हिसकावूनच घेतलं. "नंतर वाचू."

"नंतर कशाला? समोर आहेस तर तूच वाच. एवढं तरी कर माझ्यासाठी."

तिचा आग्रह त्याला कधीच मोडता आला नव्हता. त्याने पाकीट फोडलं.

वर 'मंगळवार, सकाळ'. मधे एकच ओळ.

"विनी, आज तुझ्याजवळ बसलो आहे."

विनिफ्रेड खुदकन हसली. "मग पत्र कशाला..."

तिला ढास लागली.

नर्स धावत आली. ऑब्रीने बहिणीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. हात अजून गरम होता. पत्राची कडही अजून ओली होती. तिचा काळा रंग त्याच्या अंगठ्याला लागला होता, आणि अंगठ्यावरून विनीच्या हाताला.