कोरड्या जानेवारीतली ओली कॅरावॅन

पडद्याची दांडी काखेत धरून मार्नीने कॅरावॅनमध्ये अनवाणी पाय टाकला आणि ती तिथेच थांबली. पायाखाली पचकन आवाज झाला होता.

"गस," तिने हाक मारली, "परत ओलं झालंय."

"मी नाही केलं," बाहेरून उत्तर आलं. तिचा धाकटा भाऊ गस नऊ वर्षांचा होता आणि हल्ली कोणीही हाक मारली की आधी हेच सांगायचा.

बरिंगा गावात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि नाताळच्या आधीपासून पावसाचा टिपूस नव्हता. गवत करपलं होतं. बागेला पाइपने पाणी घालायला बंदी होती, त्यामुळे घरोघरी आंघोळीचं पाणी बादल्यांत धरून टोमॅटोंना घातलं जात होतं. अशा ठणठणीत जानेवारीत मार्नीच्या अंगणातली कॅरावॅन मात्र रोज सकाळी ओली व्हायची. तीही नेमकी एकाच जागी, जेवणाच्या टेबलालगतच्या सीटपुढे.

कॅरावॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आजोबांची. वयाने डॅडइतकी जुनी. तिचं छप्पर वर उचललं की आत ताठ उभं राहता यायचं आणि प्रवासाला निघताना खाली बसवलं की ती बुटकी व्हायची. आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले. शाळेला सुट्टी लागल्यापासून डॅड आणि त्याचा मोठा भाऊ रॉइस काका तिच्यामागे हात धुऊन लागले होते. तपकिरी कपाटं पांढरी झाली, जमिनीवर नवं आच्छादन आलं, छपरावर सौरपॅनेल बसलं, सीटखाली पाण्याची नवी टाकी आणि तिच्या शेजारी बॅटरीची पेटी आली. टाकीत किती पाणी आहे ते दाखवणारे चार इवलेसे हिरवे दिवेही सिंकजवळ लुकलुकू लागले. गसचा सगळ्यात जास्त जीव त्या दिव्यांवर होता.

रॉइस काका आत डोकावला. त्याच्या हातात फटी बुजवायची सिलिकॉनची बंदूक होती. ती हातात नसली तर रॉइस काका ओळखू आला नसता.

"छप्परच गळतंय," तो म्हणाला. "काल सगळ्या फटी बुजवल्या होत्या. तरीही गळतंय म्हणजे आतून कुजलंय."

"पण काका, पाऊस कुठे पडलाय?" मार्नी म्हणाली.

"दव पडतं ना."

"जानेवारीत? इथे?"

"मार्नी, मी तुझ्या जन्माआधीपासून कॅरावॅन दुरुस्त करतोय." काकाने दिव्यांकडे पाहिलं. चारातले दोनच पेटले होते. "आणि हे बघा, टाकी परत अर्धी झाली. काल संध्याकाळी मी स्वतः कॅन ओतून भरली होती. गस, तुला किती वेळा सांगायचं? नळाशी खेळू नकोस. पाणी काय आभाळातून पडतं का?"

"मी हातसुद्धा लावला नाही," गस म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. काकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी जेवताना काकाने बॉम्बच टाकला. त्याने डग्गनशी बोलणं केलं होतं. डग्गन जुन्या कॅरावॅन घ्यायचा आणि त्यांच्या कॉफीच्या गाड्या करून विकायचा. परवा त्याने खिडकीतून ओली जमीन पाहिली आणि मान हलवली होती. "फळ्या कुजल्यात म्हणाला. अशी गाडी हायवेला न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. उद्या दुपारी येऊन ओढून नेतो म्हणतोय."

"आणि पेलिकन पॉइंट?" मार्नीने विचारलं.

पेलिकन पॉइंटच्या कॅरावॅन पार्कमध्ये दर उन्हाळ्यात तीच कुटुंबं त्याच जागी उतरायची. मार्नीच्या घरची जागा कोपऱ्यातली, समुद्र दिसणारी. डॅड तिथे चालायला शिकला होता. नियम साधा होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत तुमची कॅरावॅन तुमच्या जागेवर उभी नसेल, तर जागा पुढच्या कुटुंबाला, कायमची. वाट पाहणारी घरं पुष्कळ होती.

"पार्कातली भाड्याची केबिन घेऊ," डॅड पुटपुटला. "नाहीतर पुढच्या वर्षी बघू काहीतरी. आई, तुला काय वाटतं?"

नॅनने, मार्नीच्या आजीने, काटा खाली ठेवला. "तुम्ही दोघं मोठे झालात. करा हवं ते." एवढं बोलून ती बादली घेऊन टोमॅटोंकडे गेली. मार्नी खिडकीतून पाहत राहिली. नॅन एकाच रोपाला पाणी घालत होती आणि पाणी वाहून पार वाटेवर आलं होतं. एरवी थेंबही वाया न घालवणारी नॅन! नॅनला ती जागा हवी होती आणि ते तोंडाने मागायला तिला जमत नव्हतं.

लिंबाच्या झाडाखाली तातडीची सभा भरली. मार्नी, गस आणि शेजारचा निको. निकोच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी बदमाश असतोच.

"डग्गन," निको म्हणाला. "उघड आहे. रात्री येतो, पाणी ओततो, कॅरावॅन फुकटात घेतो. केस संपली."

"आणि सार्जंट काय करतो? त्याला चहा देतो?" मार्नीने विचारलं. सार्जंट हा नॅनचा कुत्रा. पोस्टमनला तो गेली सहा वर्षं ओळखत होता आणि तरी रोज त्याच्यावर भुंकायचा.

निकोने विचार केला. "डग्गन रद्द. मग छप्पर."

"ते तरी कोणी तपासलंय? पाइपला बंदी, म्हणून कोणी छपरावर पाणीच मारलं नाही. नुसतं सिलिकॉन फासत बसलेत."

"बंदी पाइपला आहे," गस हळूच म्हणाला. "आंघोळीच्या पाण्याला नाही."

मार्नी आणि निकोने एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॅड आणि काका रेडिओवर क्रिकेट ऐकत गॅरेजमध्ये बसले होते. तेवढ्यात तिघांनी न्हाणीघर ते कॅरावॅन अशी बादल्यांची रांग लावली. निको शिडीवरून छपरावर पाणी ओतत होता. मार्नी आत टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा, प्रत्येक कोपरा बघत होती. बाहेर निकोच्या अंगावर साबणाचा फेस उडाला होता.

"गळतंय का?" त्याने ओरडून विचारलं.

"एक थेंब नाही."

"खात्री आहे? कारण माझ्या चड्डीत आता तुझ्या डॅडचं आंघोळीचं पाणी आहे."

छप्पर आतून कोरडं ठक्क होतं. जमीन मात्र कालच्यासारखीच ओली. तिघं सीटवर बसले. डग्गन यायला फार वेळ उरला नव्हता.

गस सिंकजवळच्या दिव्यांकडे टक लावून बघत होता. "मार्नी, मी खरंच नळाला हात लावला नाही."

"माहीत आहे रे."

"पण मी जर लावला असता, तर एखाद्या दिवशी तीन दिवे उरले असते. एखाद्या दिवशी एक. हे रोज दोनच उरतात. काका चार करतो आणि सकाळी दोन. बरोब्बर दोन."

मार्नी उडी मारून उठली आणि भराभर सांगू लागली. टाकी नेमकी अर्ध्यावर येऊनच थांबते, म्हणजे तिच्या अंगाला अर्ध्या उंचीवर भोक असणार! पाणी त्या उंचीपर्यंत उतरतं आणि मग गळायचं थांबतं. टाकी ह्याच सीटखाली होती. पण सीटची फळी काकाने सिलिकॉनने अशी चिकटवली होती की ती फोडल्याशिवाय निघाली नसती, आणि ती फोडली तर काका ऐकायच्या आधीच भडकला असता.

"सांगूया त्यांना," निको म्हणाला.

"काका म्हणेल, दव पडतं. दिसायला हवं. कोणाला नाही म्हणता येऊ नये असं दिसायला हवं."

निकोचे डोळे चमकले. "बीट," तो म्हणाला.

गॅरेजच्या फळीवर बीटच्या कापांचे मोठाले डबे होते. महिन्याच्या शेवटी गावच्या अग्निशमन दलाचा बार्बेक्यू होता. बर्गरमध्ये बीट नसेल तर अर्धं दल राजीनामा देईल असं काका म्हणायचा. क्रिकेटमध्ये विकेट पडली, दोघं भाऊ रेडिओवर वाकले आणि निकोने तीन डबे शर्टाखालून पळवले. काप एका पातेल्यात गेले आणि लालभडक रस पिण्याच्या पाण्याच्या कॅनबरोबर टाकीत. चारही दिवे पेटले.

आणि त्याच क्षणी फाटकाशी हॉर्न वाजला. डग्गन आला होता, ठरल्यापेक्षा लवकर.

"अजून काहीच गळलं नाही," गस कुजबुजला. "आता?"

मार्नी धावत सुटली ती थेट टोमॅटोंच्या वाफ्यात. "नॅन, टाकीला भोक आहे. छप्पर चांगलं आहे, आम्ही तपासलं. आता थोड्या वेळात दिसेल. पण डग्गन गाडी जोडतोय. नॅन, तुला जायचंय ना पेलिकन पॉइंटला?"

नॅनने तिच्याकडे पाहिलं. मग हातमोजे काढले, स्वयंपाकघरात गेली आणि घडीची खुर्ची व चहाचा मोठा मग घेऊन बाहेर आली. कॅरावॅन जिथे गाडीला जोडतात, बरोबर त्या दांड्यापुढे तिने खुर्ची मांडली आणि ती बसली. सार्जंट पायाशी बसला.

डग्गनची गाडी मागे येता येता थांबली. "आई," रॉइस काका म्हणाला, "जरा बाजूला हो ना. डग्गनला दांडा जोडायचाय."

"चहा पितेय."

"तो तिकडे सावलीत पी."

"इथे बरं वाटतंय." नॅनने एक बारीक घोट घेतला. "ब्रायन डग्गन, तुझी आई कशी आहे? तिच्या गुडघ्याचं काय झालं? ये, बस. नीट सांग."

डग्गनला बसावं लागलं. गुडघ्यानंतर बहिणीचं लग्न निघालं, मग भाच्याची शाळा. डॅड घड्याळ बघत होता. काका येरझाऱ्या घालत होता. नॅनच्या मगातला चहा केव्हाच गार झाला होता आणि संपत मात्र नव्हता. कॅरावॅनच्या दारात तिघं मुलं पोटावर पडून जमिनीकडे बघत होती.

"डॅड," मार्नीने शांतपणे हाक मारली. "ये. सगळेच या."

सीटच्या फळीखालून लाल रेघ बाहेर येत होती. सावकाश, अगदी बारीक. कडेला येऊन ती पसरली आणि आच्छादनाच्या फटीत शिरली.

"हे काय आहे?" डॅड घाबरून म्हणाला. "कोणाला लागलं?"

"बीट आहे," गस म्हणाला. "टाकीतलं. छपरातलं नाही."

आता मात्र काकाने स्वतःच पटाशी लावून फळी उचकटली. टाकीच्या शेजारी बॅटरीची पेटी ऐटीत बसली होती. लांबलचक, स्वतःच भोक पाडत जाणाऱ्या स्क्रूने काकाने ती घट्ट आवळली होती. एक स्क्रू पेटीतून आरपार जाऊन टाकीच्या बरोबर मध्यात घुसला होता. त्याच्या भोवती लाल थेंब जमत होते आणि एकेक करून खाली पडत होते.

"हा काही आपला स्क्रू वाटत नाही," काका म्हणाला आणि त्याने तो फिरवून काढला. टाकीतून लाल धार उडाली ती सरळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर. निको हसून हसून गवतावर लोळला.

डॅडने जमिनीचं आच्छादन कोपऱ्यातून उचललं आणि खालची फळी स्क्रूड्रायव्हरने ठिकठिकाणी टोचून पाहिली. फळी भिजली होती, पण टणक होती. डग्गननेही वाकून टोचलं आणि तो ओशाळला. "खिडकीतून कुजल्यासारखी दिसली होती," तो म्हणाला. "आत येऊन बघायला हवं होतं मी. ह्या उन्हात दार-खिडक्या उघड्या टाका, उद्यापर्यंत पापड होईल." त्याने नॅनला नमस्कार केला आणि रिकामी गाडी घेऊन तो निघून गेला.

रॉइस काका लाल झालेल्या शर्टातच गससमोर उकिडवा बसला. "तू मला रोज सांगत होतास आणि मी ऐकत नव्हतो. चुकलो मी, गस."

"दिवे बघायचे असतात काका," गस म्हणाला. "म्हणून तर ते लावलेत."

"उद्यापासून टाकीचा साहेब तू," काका म्हणाला. "तू हो म्हटल्याशिवाय मी स्क्रू हातात घेणार नाही."

"आणि सिलिकॉन?" निकोने विचारलं.

"तेवढं राहू दे रे," काका कळवळून म्हणाला.

शनिवारी ऊन कलताना कॅरावॅन पेलिकन पॉइंटच्या कोपऱ्यातल्या जागेवर उभी राहिली. टाकी रिकामी होती, पण पार्कचा नळ दाराशीच होता, तेव्हा कोणाचं काही अडलं नाही. शेजारच्या जागांवरची माणसं हात हलवत जमली. पार्क सांभाळणारी बाई लांबूनच म्हणाली, "आलात का? मला वाटलं ह्या वर्षी नाही येत."

आता फक्त छप्पर वर करायचं होतं. दोन माणसं आत वाकून उभी राहतात, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या, आणि दोघांनी एकदम ढकललं तरच ते सरळ वर जातं. नॅन मागच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिची जागा कायम तीच. पुढच्या टोकाला आजोबा असायचे.

डॅड आणि काका दोघंही दाराशी पुढे झाले आणि दोघंही अडखळले.

"तुम्ही राहू द्या," नॅन म्हणाली. "पायाखालचं पाणी कुठून येतं ते तुम्हाला कळत नाही, डोक्यावरचं छप्पर काय सांभाळणार? मार्नी, तू ये."

मार्नी आत गेली. तिने तळवे छपराला टेकवले. तिचे हात जेमतेम पोचत होते. वाकलेल्या नॅनचा चेहरा तिला समोर दिसत होता.

"तीन म्हटलं की," नॅन म्हणाली. "एक. दोन. तीन."

दोघींनी जोर लावला. छप्पर कुरकुरलं, हललं आणि खट्ट करून वर बसलं. चारही बाजूंनी उजेड आणि समुद्राचा वारा आत आला. नॅन सरळ उभी राहिली आणि काही क्षण छपराला धरूनच थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"तुझे आजोबा दरवेळी उशिरा ढकलायचे," ती म्हणाली. "इतकी वर्षं सांगितलं, कधी जमलं नाही त्यांना. तुला पहिल्याच खेपेला जमलं."

मग ती किटली घेऊन नळाकडे गेली.