मांडीचं हाड

"माझ्यावर नवऱ्याच्या खुनाचा आळ आहे," बाई म्हणाली. "फौजदार संध्याकाळी न्यायला येणार आहेत."

ती ज्या खासगी गुप्तहेराकडे आली होती, त्याला सारे चौकसकाका म्हणत. सोबत त्यांचा मेहुणा असे. त्याला दिसायचं सगळं, फक्त डोक्यात उजेड उशिरा पडायचा.

बाईच्या घरी जाऊन मेहुण्याने प्रेत पाहिलं. मांडी मोडून सुजलेली, तिला फळी-पट्टी काही नाही. डोळ्यांत, छातीवर, काखांत बारीक लाल ठिपके. डॉक्टरांनी घाईत डोळे तेवढे पाहून, उशीने नाकतोंड दाबलं, असं सांगितलं होतं.

नवरा ज्या लाकडाच्या वखारीत कामाला होता, तिचा मालक म्हणजे बाईचा धाकटा दीर. परवा दादा कामावर आलाच नाही, घरच्या जिन्यावरून पडला, असं तो सांगत होता. वहिनी त्याच्या सेवेला कंटाळली आणि काल तिच्या हातात उशी आपण डोळ्यांनी पाहिली, म्हणे. जिन्याला चारच पायऱ्या होत्या.

बाईचं सांगणं वेगळं होतं. परवा सकाळी तिने नवऱ्याला कामाची कोरी विजार काढून दिली आणि ती माहेरी गेली. परतली तेव्हा तो खाटेवर होता. जिन्यावरून पडलो, दवाखाना नको, एवढंच बोलला. काल सकाळपासून त्याला धाप लागली, मग बरळणं. "ओंडका सुटला, धर!" असं सारखं चाललं होतं. टेकवून बसवायला तिने उशी उचलली, तोच तो गेला.

काकांनी खाटेखालची ती विजार झटकली. दुमडीतून लाकडाचा भुसा पडला.

"उशीच खरी वाटते," मेहुणा पुटपुटला. तू वाटून घेऊ नकोस, असं काका म्हणाले.

फौजदार येताच काकांनी दिरालाही बसवलं.

"नाक दाबलेला माणूस काही मिनिटांत जातो. हा काल सकाळपासून धापा टाकत होता. मांडीचं हाड मोडलं की आतली चरबी कधीकधी रक्तात उतरते आणि फुप्फुसांत जाऊन अडकते. त्याने दम कोंडतो, माणूस बरळतो, छातीवर, काखेत असे ठिपके उठतात. उशीने काखेत ठिपके येत नाहीत. शवविच्छेदन करा, फुप्फुसंच सांगतील."

मग ते दिराकडे वळले. "कामावर न गेलेल्याच्या कोऱ्या विजारीत भुसा कुठून? ओंडका तुझ्या वखारीत सुटला. दवाखान्यात चौकशी झाली असती, वखारीला टाळं लागलं असतं. म्हणून मोडका पाय न बांधता त्याला घरी आणलंस. आणि तो गेल्यावर आळ वहिनीवर घातलास."

दिराने सगळं कबूल केलं. ओंडक्यांची साखळी गंजकी होती, हे त्याला माहीत होतं. गप्प राहायची गळ त्यानेच दादाला घातली होती.

"पाय मोडून कुणी मरतं का, काका?" दीर म्हणाला.

सुटलेल्या बाईच्या तोंडावर सुटकेचा मागमूस नव्हता. मेहुण्याला तिच्याकडे बघवेना.

"मीही खाटेशी बसून ह्यांना हेच सांगत होते," ती म्हणाली. "पाय मोडून कुणी मरत नाही. ह्यांना ते पटलं होतं."