बांधावरचा होकार

सासऱ्यांना चिंबोऱ्या खायच्या होत्या, एवढंच निमित्त. बर्फातले खेकडे नकोत, खाडीतल्या जिवंत चिंबोऱ्या. म्हणून त्या रविवारी उन्हं कलल्यावर सोनमने ऐरोलीच्या सोसायटीतून सायकल खाली आणली, मागच्या छोट्या सीटवर मितूला बसवून बेल्ट लावला आणि तळवलीचा रस्ता धरला. मितूचं खरं नाव संघमित्रा. साडेतीन वर्षांची पोर, पण हेल्मेट घातलं की ठाणेदारासारखी बसायची.

सायकल जाड चाकांची, डोंगरात चालवायची. सोनमने तिच्यावरून अजून डोंगर पाहिला नव्हता. बाळंतपणानंतर घरात लॅपटॉपपुढे बसून बसून तिला धडधडायला लागलं, तेव्हा अंकुशने, तिच्या नवऱ्याने, हौसेने आणली होती. तिला खाडीकाठचा मातीचा बांध पुरत होता. सपाट, गाड्या नाहीत, एका बाजूला तिवरांचं रान, दुसऱ्या बाजूला पाणी साचलेली जुनी मिठागरं. अडचण एकच. मूल पाठीमागे, आणि बांध इतका अरुंद की मान वळवली तर चाक पाण्यात जायचं. म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने विचारायची, “मितू, आहेस ना?”

मागून यायचं, “आहे.”

अंकुश हसायचा. बेल्ट लावलेलं पोर जाणार कुठे? पण गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतणाऱ्या बाईला असं काही समजावून उपयोग नसतो.

तळवलीच्या बाजूला बांधात उघाडी आहे. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. तिथे चिंबोऱ्या विकणाऱ्या कमळीबाई जाळं झटकत बसल्या होत्या. त्यांनी चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधल्या, ओल्या गोणपाटाच्या पिशवीत भरल्या आणि पिशवी हँडलला अडकवली. सोनमने निघायच्या आधी सवयीने विचारलं, मितू, आहेस ना. पोर डोळ्यांसमोर बसलेली असताना.

कमळीबाईंचा हात थांबला.

“बाय, बांधावर पोरीला असं इचारू नको.”

“का हो, मावशी?”

“ओ तीच देल, असा नेम नाय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी उधाणाच्या भरतीने बांध फुटला. घरची सगळी माणसं डोक्यावर चिखलाच्या पाट्या घेऊन काळोखात एकामागे एक निघाली. पुढचा मागच्याला विचारायचा, हाय का? मागचा म्हणायचा, हाय. सगळ्यांत मागे कमळीबाईंची जाऊ होती, पाठीला पोर बांधलेलं. तिचा होकार शेवटपर्यंत येत राहिला. फुटलेल्या जागी पोचून पाट्या उतरवल्या, तेव्हा मागे कोणी नव्हतं. आणि तरी काळोखातून हाय, हाय असं येतच होतं, कोणी विचारत नसताना. तेव्हापासून त्यांच्या घरात बांधावर कोणी विचारत नाही. मागचा पुढच्याचा पदर धरतो. नुसती ओढ जाणवली पाहिजे.

बोलता बोलता त्यांनी सोनमच्या ओढणीचं टोक मितूच्या मनगटाला बांधलंही.

सोनमच्या माहेरी भुताखेतांना थारा नव्हता. वडील मास्तर, असलं बोलणं उंबऱ्याबाहेरच ठेवायचे. पण म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. ती हसली, मान डोलावली, निघाली.

थोडं पुढे गेल्यावर तिला चाक दिसायला लागलं. म्हणजे डोळ्यांपुढे. चाकात ओढणी अडकून झालेल्या अपघातांचे व्हिडिओ तिने पाहिले होते, नको नको म्हणत शेवटपर्यंत पाहिले होते. कमळीबाईंचं भूत खोटं असू शकतं, चाक तर खरं होतं. ती थांबली. गाठ सोडली, ओढणी स्वतःच्या कमरेला गच्च गुंडाळली, बेल्ट बघितला. बघितला असावा.

सूर्य ठाण्याच्या बाजूला, डोंगराआड गेला. भरती चढत होती. तिवरांच्या मुळांतून पाणी चुळुक चुळुक करत वर येत होतं आणि कुजक्या चिखलाचा गोडसर वास श्वासाबरोबर घशात उतरत होता. पिशवीत चिंबोऱ्या खरवडत होत्या. समोर दूर ऐरोलीच्या कंपन्यांच्या काचा उजळल्या होत्या. तेवढ्यावर नजर ठेवून ती पायडल मारत राहिली.

“मितू, आहेस ना?”

“आहे.”

विचारायचं नाही असं ठरवलं की तेच तोंडात येतं. पुन्हा विचारलं. पुन्हा आलं, “आहे.” या वेळी जरा लांबून. वारा असेल, तिने मनाला सांगितलं.

मग तिच्या पाठीवर काहीतरी टेकलं. हेल्मेटची गोल कड. ओळखीचं वजन. त्यामागे संथ श्वास, सर्दीने किंचित शिटी वाजणारा. मितू झोपली होती. सोनमला इतकं बरं वाटलं की ती पुटपुटली, “झोपलीस होय गं…”

“नाही,” मागून आलं. “आहे.”

पाठीवरचा श्वास तसाच चालू होता.

पिशवीतली खरवड थांबली होती. केव्हा, ते तिला कळलंच नव्हतं. बांधावर फक्त चाकांचा आवाज आणि दोन्ही बाजूंनी वर येणारं पाणी. तिने ओठ दातांखाली धरले. आता विचारायचं नाही. काहीही झालं तरी नाही.

मग मागून, अगदी मितूच्या आवाजात, मितूसारखंच शेवट लांबवत,

“मम्मी… आहेस ना?”

सोनमच्या तोंडात होकार आला होता. रोज शंभरदा देते तो होकार. तिने तो गिळला.

“मम्मी, मी पडले… तू थांबलीस ना, तिथे पडले…”

बेल्ट. गाठ सोडताना बेल्ट उघडला होता का? मितू त्या तिथे, बांधाच्या कडेला, पाण्याजवळ बसली असेल तर? मग पाठीला टेकलंय ते काय? मागे वळावं तर चाक जाणार. थांबावं तर आवाज जवळ येणार. आणि आवाज खरा असेल तर आपण आपलं मूल टाकून चाललोय. आयुष्यभर तिने कानांवर विश्वास ठेवला होता. आता कान म्हणत होते, परत फीर.

तिने एक हात हँडलवरून काढला आणि हळूच मागे नेला. बोटांना सँडल लागली. मग पाऊल. ऊबदार, मऊ, घोट्याजवळ डासाने चावलेला फोड, सकाळी तिनेच मलम लावलेला. तिने ते पाऊल मुठीत धरलं. बांध सपाट होता म्हणून निभावलं. एका हाताने सायकल, एका हातात पाऊल, आणि मागे लांबवर मितूच्या आवाजातलं रडणं. तिच्या छातीत दूध दाटल्यासारखं दुखत होतं, पोर अंगावरची सुटून दोन वर्षं झाली असताना. ती थांबली नाही. ओ दिली नाही.

दिव्यांच्या रस्त्याला लागल्यावर तिने वळून पाहिलं. मितू झोपली होती, तोंड उघडं, बेल्ट नीट लावलेला. पिशवीतल्या चिंबोऱ्या सगळ्या मेलेल्या निघाल्या. सगळं ऐकून अंकुश म्हणाला, “टेन्शन घेतेस तू फार.” असेलही, असं तिलाही वाटलं. सायकल तिने गॅलरीत नेऊन ठेवली, सीटचा बेल्ट मोकळा सोडून. त्या दिवसापासून ती विचारेनाशी झाली. मितू दुसऱ्या खोलीत असली की उठून जायची, डोक्याला हात लावून यायची. घरच्यांना वाटलं, सुधारली.

परवा संध्याकाळी ती मितूला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होती. अंकुश ऑफिसातून आला. दारात बूट काढता काढता, तिच्या जुन्या सवयीची नक्कल करत, त्याने हाक मारली, “मितू, आहेस ना?”

मितूचं तोंड भाताने भरलेलं होतं.

“आहे,” गॅलरीतून आलं.

अंकुश हसतच आत आला, मांडीवरच्या मितूकडे पाहिलं, आणि त्याचं हसू तिथेच राहिलं. सोनमने मितूचं पाऊल मुठीत धरलं होतं. गॅलरीचं दार अर्धं उघडं होतं. सायकलच्या मागच्या छोट्या सीटचा बेल्ट लावलेला होता. मितूला बसेल त्याहून बराच आवळून.