मानाचा पहिला घोट

लटारूला डसलेला साप केवढा होता, ते मला विचारू नका. पहिल्या दिवशी तो हातभर होता. मी गोष्ट सांगायला घेतल्यापासून वाढत वाढत तो आता तलावाच्या पाळीएवढा, अख्ख्या बांधाएवढा लांब झालाय, आणि अजून त्याची वाढ थांबलेली नाही. पण डसला हे खरं. कुरखेड्याजवळचा आमचा मासे धरणाऱ्या ढिवरांचा सगळा मोहल्ला साक्षीला आहे.

धान कापणीचे दिवस होते. लटारू जाळं ओढून काठावर चढला आणि पाय धरून मटकन खाली बसला. त्याची पोरगी चंचल हिने एकशे आठला फोन लावला, आणि अँब्युलन्स वळण चुकू नये म्हणून रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली. अंगावरचे कपडे ओले, ओढणी कमरेला खोचलेली, केसांत तलावातलं शेवाळ... ड्रायव्हर आदेशने ब्रेक मारला, तेव्हा गाडी आणि ती यांच्यात वीतभर जागा उरली होती.

"मराचं आहे का बाई?"

"माझ्या बाले जगवाचं आहे. उतरा!"

हे त्यांचं पहिलं बोलणं.

गाडी निघाली. मागे डॉक्टर सुई लावत होते. चंचल बापाचं डोकं मांडीवर घेऊन मधल्या खिडकीतून ओरडली, "भाऊ, गाडी चालवून राह्यले का नांगर?"

"रस्ताच वावरावानी आहे, मी काय करू? बाले बोलतं ठेवा. झोपू देऊ नका."

"काय बोलू?"

"भांडा. जमते तुमाले, दिसून राह्यलं."

आरशात तिला त्याचे फक्त डोळे दिसले. ते हसत नव्हते – घाबरलेले होते. तिच्याइतकेच. मग तिने बापाशी असं भांडण काढलं, की लटारू दवाखान्यात पोचला तेव्हा शुद्धीवर तर होताच, वर उलटून उत्तरं देत होता. डॉक्टर म्हणतात, तो औषधाने वाचला. मी म्हणतो, शेवटचा शब्द पोरीला मिळू नये म्हणून वाचला.

लटारू घरी आला, आणि आदेश त्याला पाहायला यायला लागला. ड्युटी सुटली की मोटारसायकल आमच्या मोहल्ल्यात. खाटेशी बसायचा, पायाची सूज पाहायचा, आणि लटारू श्वास कसा घेतो ते असं टक लावून बघायचा की जणू सर्कस चालली आहे.

"रोज रोज कोणाले पाहाले येता भाऊ?" चंचलने एकदा विचारलंच.

"तुमच्या बाले."

"बा तिकडं खाटेवर आहे. तुमी इकडं काऊन पाहून राह्यले?"

आदेशचे कान लाल झाले. पण तो हसला नाही, खरं बोलला. "आमच्या हाती मानूस देतात, आमी दवाखान्यात सोडतो. पुढं तो जगला का गेला... कोणी सांगत नाई. मले एका बाईनं सांगितलं, जो वाचला त्याले डोळ्यानं पाहून येत जा. म्हणून आलो होतो." मग जरा थांबून, "आता मात्र इकडंच पाहून राह्यलो."

चंचलने मासोळ्यांची टोपली उगीच इकडची तिकडे केली.

ती बाई कोण, हे त्याने सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. व्यसनमुक्ती केंद्रातली समुपदेशक होती ती. आदेश तिथे राहून, बरा होऊन आला होता. हे चंचलला सांगायचं, असं तो मनात रोज ठरवायचा. एकदा पाळीवर दोघं उभी असताना त्याने तोंडही उघडलं.

"मले तुमाले एक सांगाचं आहे..."

"सांगा ना." तिचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"यंदा... शिंगाडे मस्त आले तुमच्या तलावात."

चंचलने त्याच्याकडे असं पाहिलं, की शिंगाड्यांनाही लाज वाटली असेल.

लटारू चालायला लागला तसं त्याने जेवण घातलं. आमच्याकडे रीत आहे – ज्याने जीव वाचवला तो मानकरी. मोहाचा पहिला घोट त्याचा. तो घेत नाही तोवर पंगतीत कोणी गिलासाला बोट लावत नाही. जिल्ह्यात दारूबंदी आहे, मी कुठे नाही म्हणतो? मोहाच्या झाडाला मात्र अजून कोणी जाऊन सांगितलेलं नाही.

अख्खी पंगत बसली. माशाच्या रश्श्याचा वास सुटला. चंचल ताटलीत भरलेला गिलास घेऊन आदेशसमोर आली, नजर खाली, ओठांत हसू. आदेशने गिलासाकडे पाहिलं आणि हात मांडीखाली दाबले.

"मी नाई घेत."

"एकच घोट ना बापा!" मोहल्ल्यातले म्हातारे उमाजी कळवळून म्हणाले. "ओठ तर लाव! आमचे घसे वाळून राह्यले." मीही गिलास समोर धरूनच बसलो होतो. कळवळलो.

आदेश उभा राहिला.

"घेत नाई म्हणजे... लय घेतली मी, उमाजीभाऊ. वरातीचा ट्रॅक्टर उलटला होता, त्या दिवशी मी लेकरं उचलून आणली. घरी गेलो तर डोळे मिटेनात. लोक माझ्याशी चांगलेच होते. जीव वाचला तर खुशीनं पाजत, गेला तर दुःखानं पाजत. मी कोणाचं मन मोडलं नाई. मग पाजणारं कोणी नसलं तरी पेऊ लागलो. साहेबानं गाडीची चावी काढून घेतली. केंद्रात राहून आलो, तवा चावी परत भेटली." त्याने लटारूकडे पाहिलं, चंचलकडे पाहायची हिंमत झाली नाही. "आज ओठ लावला, तर उद्या तुमच्या फोनवर गाडी येईन काका, पण चालवणारा मी नसन."

पिऊन बरबाद झालेल्याला पोरगी कोण देतो? हे त्याला माहीत होतं, म्हणून तर शिंगाड्यांवर गाडी नेली होती. चंचलने ताटली खाली ठेवली आणि आत निघून गेली.

आदेशने चपला शोधायला मान वळवली...

आणि ती बाहेर आली. हातात पेजेने भरलेला गंज.

"बाची पेज आहे. डॉक्टरानं त्याले हेच सांगितलं. मीठ घातलं आहे." तिने नवा गिलास भरून पुढे केला. "घ्या. मान तुमचा आहे."

आदेशने दोन्ही हातांनी गिलास धरला. प्याला. उमाजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि मोहाकडे हात नेला, तोच लटारूची बायको कमळा कडाडली, "थांबा भाऊ! मानकरी जे पेला तेच पंगत पेते. रीत तर तुमीच सांगत राह्यता ना?"

उमाजींचं तोंड बघण्यासारखं झालं. माझं त्याहून. अख्ख्या पंगतीने माशाच्या रश्श्यासोबत पेज प्याली. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली कुत्रीसुद्धा शुद्धीवर होती, असं म्हणतात.

लटारू काठी टेकत आदेशसमोर आला. हात जोडले. "तू मले वाचवलं पोरा, अन मी तुले काय पाजाले निघालो होतो..." आदेशने ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

जेवणानंतर आदेश हात धूत होता आणि चंचल तांब्याने पाणी ओतत होती.

"पाळीवर हेच सांगणार होते का?"

"हो."

"मले वाटलं, दुसरं काई."

"ते बी होतं..."

तोच त्याचा फोन वाजला. एकशे आठचा कॉल होता. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "पन काम झालं का इथंच या. जे पाहाल ते मले सांगा."

"चांगलं नसते ते, चंचल."

"म्हणून तर."

दिवस कलताना तो परतला. कॉल वाईट होता. चंचल ओसरीवर जाळं सांधत बसली होती. तो पायरीवर बसला आणि सांगू लागला. आधी अडखळत, मग सलग. सुई चालत राहिली, आणि तो थांबला की सुईही थांबायची. सगळं सांगून झाल्यावर त्याने तळव्यांनी तोंड पुसलं.

चंचलने जाळं बाजूला ठेवलं.

"जेवला का तू?"

*भाऊ* गेला होता. *तुमी* गेलं होतं. आदेशच्या ते जरा उशिरा लक्षात आलं.

"नाई."

"मंग बस, वाढते."

"चंचल... ते दुसरं होतं, ते सांगू का?"

ती दारात थांबली. वळली नाही, पण कान लाल झाले होते तिचे.

"जेवून सांग," ती म्हणाली. "मले सावकाश ऐकाचं आहे."